दुर्बिणीतून नक्की काय दिसलं?

गच्चीवर आठ इंची आरशाची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवरची दुर्बीण) लावली की शेजारपाजारचे येतात. मृगातला तेजोमेघ दाखवला की बहुतेक जण डोळा काढत म्हणतात, "एवढंच?" त्यांचंही बरोबर आहे, मोबाइलवर गुलाबी-जांभळे फोटो पाहिलेले असतात. कॅमेरा मिनिटन्मिनिटं प्रकाश साठवतो, डोळ्याला ते जमत नाही. शिवाय अंधुक उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळपास संपावर असतात. म्हणून दिसतो तो करडा, जेमतेम हिरवट डाग. पण त्या डागाच्या मधोमध चार बारीक तारे दाटीवाटीने बसलेत आणि १३०० प्रकाशवर्षांवरचा हा सगळा ढग त्यांच्याच जोरावर चमकतोय, हे सांगितलं की तीच मंडळी पुन्हा रांगेत लागतात.

तर फोटो नकोत. डोळ्याला काय दिसलं, कुठून, कशातून, ते लिहा. ढगांनी खाल्लेल्या रात्रीही चालतील. आलेल्या नोंदी पुढे, प्रत्येक वेगळ्या माणसाची.

*

माझ्या सहा इंचीचा आरसा मी स्वतः घासलाय, पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या कार्यशाळेत. काचेच्या दोन जाड चकत्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी. खालची चकती पक्की बसवलेली, वरची पुढेमागे ढकलत आपण तिच्याभोवती फिरायचं. गंमत म्हणजे वरची आपोआप खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. ताजी पूड करकर वाजते. आवाज मऊ झाला की पूड झिजली, धुवा आणि नवी घाला. मग बारीक, आणखी बारीक. मागच्या पुडीचा एक कण राहिला तरी ओरखडा, म्हणून प्रत्येक टप्प्याला बादली, बाह्या, नखं, सगळं धुवायचं. शेवटी पिचच्या, म्हणजे डांबरासारख्या चिकट पदार्थाच्या, थरावर सेरियम ऑक्साइडने पॉलिश.

त्याआधी घरी खोक्यावर "५२५ पट" छापलेली एक दुर्बीण होती. सहा सेंटिमीटरच्या भिंगाला सव्वाशेच्या वर झेपत नाही, पुढचं सगळं धुकं. माझ्या आरशातून पहिल्यांदा पाहिला तो दशमीच्या आसपासचा चंद्र. कोपर्निकस विवर नुकतंच उजेडात आलं होतं. कड्याच्या आतल्या पायऱ्या आणि मधली शिखरं स्वच्छ दिसली. खोक्यावर काहीही छापलेलं नव्हतं.

*

२१ डिसेंबर २०२०, मुंबई, सोसायटीची गच्ची. गुरू आणि शनी एकमेकांपासून दशांश अंशावर. ४८ पटीला गुरूचे चार चंद्र आणि शनीचं कडं एकाच दृश्यात, हे आयुष्यात पुन्हा दिसायचं नाही. मास्कमुळे भिंगावर वाफ धरायची, दर माणसामागे थांबावं लागायचं. साडेसातला दोघंही समोरच्या टॉवरमागे गेले आणि रांगेतले शेवटचे काका माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत.

*

२०२० चा जुलै. निओवाइज धूमकेतू. जगभरातून फोटो येत होते. कोल्हापुरात आषाढ होता. आकाश अगदी काळंकुट्ट, पण भलत्याच कारणाने.

*

मेलबर्नहून. इथे मृग उलटा. पोटातला बाण तोच, पण चारही पाय वर आणि व्याध त्याच्या डोक्यावर चढलेला. आई आली होती, म्हणाली, "हा शीर्षासन करतोय का?" शहराबाहेर गेलं की मोठा मॅगेलनी मेघ, म्हणजे आपल्या शेजारची छोटी दीर्घिका, नुसत्या डोळ्यांनी दिसतो, नवख्याला वाटतं ढगाचा तुकडाच राहिलाय. आठ इंचीतून त्यातला टॅरँटुला (म्हणजे कोळी) तेजोमेघ पाहिला तर खरोखर पाय फुटलेले दिसतात. तो दीडेक लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि तरीही "एवढंच?" म्हणावंसं वाटत नाही. ध्रुव मात्र इथून कधीच दिसत नाही, आईला ते जरा लागलं.

*

मार्च, अमावास्येचा शनिवार, वांगणीच्या पुढे एक शेत. मेसिए मॅरेथॉन, म्हणजे मेसिएच्या यादीतले तारकागुच्छ, तेजोमेघ, दीर्घिका अशा ११० गोष्टी एका रात्रीत. खरं तर अर्ध्या रात्रीनंतर स्पर्धा दवाशी असते. दुर्बिणीतल्या छोट्या, दुय्यम आरशावर दव बसलं की सगळं पुसट, आणि फडक्याने पुसायचं नाही, वारा घालत बसायचं. त्यात नव्याने लागलेला एक हायमास्ट दिवा, सबंध पूर्व क्षितिज खाऊन टाकतो. यादीतला शेवटचा एम ३० तिकडेच उगवतो, त्याच्यावर पाणी सोडलं.

दीडच्या सुमाराला कुत्रं भुंकलं आणि बॅटरीचा झोत थेट आमच्या तोंडावर. अंधाराला सरावलेले डोळे गेले, आता पुन्हा अर्धा तास. शेजारच्या शेताचे मालक होते, हातात काठी. चोर समजून आले होते. दक्षिणेला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ बऱ्यापैकी वर आला होता, तो दाखवला. कितीतरी वेळ डोळा लावून होते.

"रवा सांडलाय," म्हणाले.

लाखो तारे, १७ हजार प्रकाशवर्षांवर, असं काहीबाही मी सांगत होतो. त्यांचं लक्ष नव्हतं. "कडेकडेचा मोकळा आहे, मधी गच्च," एवढं बोलून त्यांनी पुन्हा डोळा लावला. तारकागुच्छाचं इतकं नेमकं वर्णन आमच्यातल्या कोणी वहीत केलं नव्हतं, मी तेच लिहून टाकलं. जाताना आमच्याकडून लाल जिलेटिन कागद घेऊन बॅटरीवर लावून गेले आणि पहाटे दूध घालून चहा पाठवला.

*

आरसा घासणाऱ्यांना: काचेवर अॅल्युमिनियमचा चकचकीत थर कुठे चढवून घेतलात? माझी आठ इंची चकती पॉलिश होऊन पडून आहे.