३६ इंची एकचाकी थांबवताना
ब्रेक बसवला की ३६ इंची चाकाची एकचाकी सायकल हवी तिथे थांबते, असं वर कोणीतरी लिहिलंय. मला ते मत धोक्याचं वाटतं. या सायकलला फ्रीव्हील नसतं, चाक फिरतं तोवर पाय फिरतात. पॅडलच्या एका फेऱ्यात ती साधारण २.८७ मीटर जाते, म्हणजे मिनिटाला १०० फेरे झाले की ताशी १७ किलोमीटरचा वेग. अशा वेळी ब्रेक एकदम आवळला तर चाक थांबतं, आपण थांबत नाही. थेट पुढे फेकले जातो.

म्हणून आधी अंग किंचित मागे न्यायचं, चाक थोडं पुढे निघू द्यायचं आणि मग वर येणाऱ्या पॅडलवर दाब द्यायचा. एका झटक्यात नाही, दोन-चार फेऱ्यांत. वेग उतरला की अंग परत सरळ. ब्रेकचा खरा उपयोग लांब उतारावर: एका बोटाने हलकासा लावून ठेवायचा आणि त्या ओढीविरुद्ध पॅडल मारत राहायचं. गुडघे वाचतात. पण ही सवय आधी सपाट रस्त्यावर, चालण्याच्या वेगात करा.

क्रँकचा, म्हणजे पॅडल ज्याला जोडलेलं असतं त्या दांड्याच्या लांबीचा, विषय राहूनच गेला. ११० मिमी क्रँकवर पळायला मजा येते, पण थांबवताना पायाला जोर कमी मिळतो. नवख्याने १५० पासूनच सुरुवात करावी. आणि कृपा करून मनगटाचे गार्ड घाला; पडताना हात आपोआप पुढे जातात.