इंग्लंडमधलं लॅक्सटन गाव, बिनकुंपणाची शेतं आणि गावाचे पंच

बांधकरी_परभणी:
नॉटिंगहॅमशायरमधल्या लॅक्सटन नावाच्या गावाबद्दल वाचलं, तिथे म्हणे अजून मध्ययुगातल्यासारखी मोठी सामाईक शेतं आहेत, मध्ये कुंपण नाही आणि प्रत्येकाचे पट्टे वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले. आमच्याकडे दोन भावांत फूटभर बांधावरून आयुष्यभराचं बोलणं तुटतं, मग यांचं कसं जमतं? खरी शेती आहे की नुसतं टुरिस्टांसाठी ठेवलंय?

नॉटिंगहॅमकर:
खरी शेती आहे दादा, मी दोनदा जाऊन आलोय. वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड अशी तीन मोठी शेतं, एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, तिसरं पडीक किंवा गवताखाली, आणि दरवर्षी फिरवाफिरव. शेतकऱ्यांची घरं रानात नाहीत, आपल्यासारखी गावातच रस्त्याच्या कडेला.
आता बांधाचं. नोव्हेंबरच्या शेवटी गावातलेच पंच, त्याला ज्युरी म्हणतात, गव्हाच्या शेतात पायी फिरतात, पट्ट्यांच्या हद्दीवर लाकडी खुंट्या ठोकतात, आणि कोणी वाटेवर किंवा सामाईक गवताच्या पट्टीवर नांगर घातला असेल तर नाव लिहून घेतात. मग साधारण आठवड्याने डव्हकोट इन या पबात कोर्ट लीट, म्हणजे गावाचं जुन्या पद्धतीचं न्यायालय, बसतं, तिथे दंड लागतो आणि पुढच्या वर्षीचे पंच नेमतात. दंडाची रक्कम किरकोळच, पण सगळ्या गावासमोर नाव वाचलं जातं ना, ते लागतं माणसाला.

जुने_नकाशे:
१६३५ साली मार्क पिअर्सने या गावाचा नकाशा केला, एकेक पट्टा दाखवलेला, तो ऑक्सफर्डच्या बॉडलियन लायब्ररीत आहे. १८व्या-१९व्या शतकात बाकी इंग्लंडमध्ये कायदे करून अशी शेतं कुंपणं घालून वाटून टाकली आणि गरिबांची गुरं चारायची जागा गेली, लॅक्सटन त्यातून वाचलं. म्हणून मला हे गाव फार मोलाचं वाटतं.

कुळकायदा:
एक गोष्ट सुटतेय. तिथले शेतकरी मालक नाहीत, कुळं आहेत. जमीन आधी अर्ल मॅन्व्हर्स घराण्याची, १९५२ला सरकारच्या शेती खात्याने घेतली, १९८१ला क्राउन इस्टेटकडे (राजपदाच्या नावावरची मालमत्ता सांभाळणारी संस्था) गेली आणि २०२०पासून थोर्सबी इस्टेटकडे म्हणजे पुन्हा त्याच घराण्याच्या इस्टेटीकडे. सातबारा स्वतःच्या नावावर असता तर खुंट्यांवर एवढं भागलं असतं असं मला नाही वाटत.

बांधकरी_परभणी:
कुळकायदा, तुमचं पटलं, पण पट्टा मालकीचा असो की खंडाचा, शेजाऱ्याने नांगराच्या दोन ओळी आत घातल्या की राग तोच येतो. आमच्याकडे मोजणी आणायची तर अर्ज, तारीख, आणि तोवर भांडण कोर्टात गेलेलं असतं. लॅक्सटनला पेरणी झाल्यावर लगेच, दरवर्षी, ज्यांना त्या मातीची माहिती आहे तेच लोक चालत येऊन बघतात. नॉटिंगहॅमकर, त्या दिवशी बाहेरच्या माणसाला पंचांबरोबर शेतात फिरू देतात का, तेवढं सांगा.

नॉटिंगहॅमकर:
मी दोन्ही वेळा उन्हाळ्यात गेलेलो. यंदा आधी गावात विचारतो आणि सांगतो, थंडी-चिखलाचे दिवस असतात, गमबूट लागतील.