कान वाजणे, कर्णनाद, दडे, कानठळ्या

प्रश्न : औषधाच्या माहितीपत्रकात 'टिनिटस'साठी 'कानात घंटी वाजणे' लिहिलेलं चालेल का?

— नको. टिनिटस लॅटिन 'टिनीरे'वरून आलाय, म्हणजे किणकिणणे, घंटी तिथली. आपल्याकडे नुसते कान वाजतात, कानात गुणगुणतं, सूं होतं, रातकिडे ओरडतात. 'कानात आवाज येणे (कर्णनाद)' एवढं पुरे.

— आणि कर्णनाद हा कोशवाल्यांनी आत्ता पाडलेला शब्द नव्हे. सुश्रुताच्या २८ कर्णरोगांत तो आहे, आणि कर्णक्ष्वेड वेगळा. माधवनिदान या आयुर्वेदाच्या ग्रंथात नादाला भेरी, मृदंग, शंख यांची उपमा दिलीय, क्ष्वेडाला वेणूची. क्ष्वेड मराठीत रुळला नाही. जिभेकडे बघता बरंच झालं.

— दडे मात्र यात घालू नका. घाटात किंवा विमानात पडद्याच्या आतला दाब बाहेरच्या हवेशी जुळत नाही, म्हणून दडे बसतात; आवंढा गिळला की सुटतात. अंघोळीनंतर बसले आणि सुटेनात, तर बहुधा मळ फुगलाय. काडी घातली की तो आणखी आत जातो. तेलाचे दोन-तीन थेंब टाकून मऊ करावा, पण कान फुटलेला असेल तर थेंबभरही नको.

— कानठळ्या बसतात त्या फटाक्याने, डीजेने. नंतर उरते ती सूं म्हणजे कर्णनाद. शंखाकृती अंतर्कर्णातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी दुखावतात, मेंदूकडे जाणारा संदेश रोडावतो आणि मेंदू जणू आवाजाची खुंटी पिळतो. मेलेल्या पेशी पुन्हा येत नाहीत. कारखान्यात ८५ डेसिबलला ८ तास ही मर्यादा धरतात. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ८८ ला ४ तास.

— डॉक्टरांना 'आवाज येतो' एवढंच सांगू नये, कसला ते सांगावं. धडधड असेल तर मनगटाची नाडी धरून बघा. ठोका जुळला तर रक्तवाहिन्या तपासाव्या लागतात. कटकट बहुधा टाळूच्या किंवा मध्यकर्णाच्या स्नायूंची. घूं, सोबत गरगरणं आणि ऐकू येणं कमीजास्त होणं, हे मेनियर या अंतर्कर्णाच्या विकाराचं लक्षण.

— औषधांची नावंही सांगा. क्विनाइन किंवा जास्त मात्रेतल्या ॲस्पिरिनची सूं औषध थांबलं की बहुधा जाते, जेंटामायसिनची राहू शकते. अर्थात औषध परस्पर बंद करायचं नाही.

— एक कान अचानक बंद पडून वाजू लागला, तर मळ समजून तेल घालत बसू नये. शक्य तितक्या लवकर कान तपासून श्रवणचाचणी व्हायला हवी. स्टिरॉइडचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच जास्त होतो.