बांधावरचे झाड कोणत्या विद्याशाखेचे?

प्रश्न (खानापूर): भारताने २०१४ मध्ये राष्ट्रीय कृषिवनीकरण (शेतात पिकांबरोबर झाडेही वाढवणे) धोरण स्वीकारले, तरीही विकसनशील देशांतील कृषिवनीकरणाच्या संशोधनात मृदाशास्त्रज्ञाबरोबर समाजशास्त्रज्ञ आणि कायद्याचा अभ्यासक खरोखर आवश्यक असतो का?

उत्तर (निपाणी): असतो. बांधावरच्या सागवानाची सावली तंबाखूवर किती पडते हे कृषिशास्त्रज्ञ मोजेल. परंतु बांध दोघा भावांचा सामाईक असेल तर झाड कोणाचे, आणि खंडाने जमीन कसणारा २० वर्षांनी तोडायचे रोप का लावील, हे प्रश्न त्याच्या मोजपट्टीत मावत नाहीत.

उत्तर (चिकोडी): सहमत. २०१७ च्या दुरुस्तीने बांबूला भारतीय वन कायद्यातील ‘झाड’ या व्याख्येतून वगळले, म्हणजे लागवडीचे गणित कायद्यानेही बदलते. (आमच्याकडे मात्र उसापुढे बोलणेच खुंटते.)

प्रश्नकर्ता: मग सरपण-चारा आणणाऱ्या स्त्रियांनाही प्रजाती निवडतानाच विचारावे लागेल.