मदत हवी आहे: अर्जुनाच्या सालीचा काढा आणि रक्तदाबाची गोळी

नमस्कार मंडळी. आईला अर्जुनाच्या सालीचा क्षीरपाक (दुधात आटवलेला काढा) सुरू करावा असं घरात चाललंय. वय सत्तरीच्या पुढे. रक्तदाबाची गोळी आणि रक्त पातळ ठेवणारं औषध, दोन्ही चालू आहेत.

कृती माहीत आहे: १ भाग सालीची भरड, ८ भाग दूध, ३२ भाग पाणी, आणि दूध उरेपर्यंत मंद आचेवर आटवायचं. आयुर्वेदात अर्जुन हृदयासाठी मानतात, जखमेवर आणि मोडलेल्या हाडासाठीही सालीचा उपयोग सांगितलाय. पण ही साल रक्तदाब थोडा उतरवू शकते, मग गोळीसोबत घेतल्यावर तो फारच खाली गेला तर? रक्त पातळ करणाऱ्या औषधाचं तर मला जास्तच भय वाटतं. तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक घोटही देणार नाही, हे नक्की.

इथल्या वैद्य मंडळींनी सांगावं: अशा रुग्णाला तुम्ही अर्जुन देता का? किती, आणि गोळीपासून किती अंतराने? सालीत टॅनिन (तुरट द्रव्य) भरपूर, त्यामुळे मलावरोध वाढतो का? आईला तो त्रास आधीच आहे.

आणखी एक. अर्जुनाची साल गुळगुळीत, फिकट राखाडी, पापुद्रे सुटणारी. त्याच्याच कुळातल्या ऐन या झाडाची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. झाडावर हा फरक लगेच कळतो. वाळलेले तुकडे किंवा चूर्ण हातात आल्यावर कसं ओळखायचं?

ऐकीव नको, स्वतः दिलेलं किंवा घेतलेलं असेल तर जरूर लिहा.