हिऱ्यातला 'डिफेक्ट': दोष, ऐब की नांगी?

गोदाकाठ: भाचीला परभणीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तक्ता लिहून देतोय. हिऱ्यात एका कार्बनच्या जागी नायट्रोजन बसलेला असतो आणि त्याला लागूनची जागा मोकळी. हिरवा प्रकाश टाकला की ही जोडी लाल उजळते. २.८७ गिगाहर्ट्झचा मायक्रोवेव्ह दिला की लाली मंदावते. चुंबक जवळ आणला की त्या एका वारंवारतेच्या दोन होतात, गाऊसमागे (गाऊस हे चुंबकक्षेत्र मोजायचं एकक) प्रत्येकी सुमारे २.८ मेगाहर्ट्झ सरकतात. त्यावरून चुंबकक्षेत्र कळतं, तेही खोलीच्या तापमानाला. या जोडीला इंग्रजीत 'डिफेक्ट' म्हणतात. मी 'दोष' लिहिलं, सरांनी खोडलं. म्हणे, ज्यानं काम होतं तो दोष कसा? मग मराठीत काय लिहू?

काकपद: रत्नपरीक्षेत मल, बिंदू, यव, रेखा, काकपद यांना दोषच म्हटलंय. सरांना सांगा. मोकळ्या जागेला 'रिक्तिका' लिहा.

निवृत्त_मास्तर: रिक्तिका पेशीत असते हो. जीवशास्त्रवाले भांडायला येतील.

बालाघाटी: आमचे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. बैल घेताना पहिला प्रश्न, "ऐब काय हाय?" दोष पत्रिकेत, खोट सोन्यात, ऐब जनावरात. हिऱ्यालाही ऐब शोभेल.

काकपद: अरबी शब्द कशाला आणता?

बालाघाटी: बरं. आता 'तहसील' आणि 'अर्ज' न वापरता तहसीलला अर्ज करून दाखवा.

कपाशीवाली: मोकळ्या जागेला नांगी म्हणा ना. कपाशीच्या तासात एक बी तुरीचं पडलं अन् शेजारचं उगवलंच नाही, हुबेहूब तेच चित्र झालं की.

काकपद: नांगी विंचवाला असते.

कपाशीवाली: तुमच्या शेतात विंचूच उगवत असतील, दादा.

वऱ्हाडी_पाहुणा: आमच्याकडं खाडे म्हणतात. खाडे भरणे.

निवृत्त_मास्तर: उपमा गोड आहे, पण नांगी दिसली की माणूस भरायला धावतो. इथं ती अणूनं भरली तर खेळ खलास. शिवाय ती अगदी रिकामी नसते, तिथं इलेक्ट्रॉन अडकलेले असतात. चुंबक ओळखतात ते तेच.

बालाघाटी: म्हणजे घरमालक नाही, पण भाडेकरू आहेत.

गोदाकाठ: मंडळी, तक्ता उद्या सकाळी द्यायचाय.

वऱ्हाडी_पाहुणा: ताई, तुम्ही नांग्या बी टोबून भरता का पिशवीतली रोपं लावून?

कपाशीवाली: रोपं. उगवण झाल्यावर आठ-दहा दिवसांत. उशीर केला की शेजारची झाडं त्याला दाबतात.