मासिक देणगीदार टिकत नाहीत, काय करावं?

अभ्यासिकावाला (ता. घाटंजी, जि. यवतमाळ)

जय गुरुदेव मंडळी.

गावातल्या जुन्या चावडीत आम्ही अभ्यासिका चालवतो. पोलीस भरती, तलाठी, नर्सिंगची तयारी करणारी पोट्टे-पोट्टी पहाटेपासून येऊन बसतात. खर्च मोठा नाही, पण थांबतही नाही. विजेचं बिल, दोन पेपर, मासिकं, इन्व्हर्टरची बॅटरी आणि चावी सांभाळणाऱ्या मावशींचं मानधन. आधी गणपतीत पावतीपुस्तक घेऊन फिरायचो, कुणाच्या तेरवीला घरचे पाचशे-हजार द्यायचे. त्यातून बिल भरायचं की पुस्तकं घ्यायची, यावर दर उन्हाळ्यात भांडण ठरलेलं.

मग महिन्याला शंभर रुपयांची योजना काढली. पुण्या-नागपूरला नोकरीवर असलेले गावचे लोक, झेडपीचे शिक्षक, काही शेतकरी अशा सगळ्यांना यूपीआयवर ऑटोपे लावून दिलं. सुरुवातीला धडाधड नावं आली. नवीन नावं आजही येतात, पण महिन्याची रक्कम आहे तिथंच अडून बसली आहे. कमिटीतले दोघं म्हणतात, बंद करा हे झंझट, पावतीपुस्तकच बरं.

दुसरं असं की देणारे विचारतात, "इतक्या वर्षांत किती जणांना नोकरी लागली?" यावर काय सांगावं? आपण पुढं चाललो की नाही, हे मोजायचं तरी कसं?

कृषी केंद्र, आर्णी रोड

शेतकऱ्याला मासिक लावलंच कशाला भाऊ? सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीला, कापूस तिथून पुढं फेब्रुवारीपर्यंत, तूर जानेवारीनंतर. जूनमध्ये तोच माणूस माझ्याकडून बियाणं उधारीवर नेतो आणि त्याच्या खात्यातून तुमचे शंभर कापले जातात. दोनदा असं झालं की तो ऑटोपे बंद करतो आणि तुम्हाला रस्त्यात टाळतो. कापूस विकल्यावर वर्षाचे एकदम घ्या. हजार देईल, वर चहा पाजेल.

निवृत्त मास्तर

एका मुलींच्या वसतिगृहाच्या हिशेबाच्या वह्या बरीच वर्षं माझ्याकडे आहेत, त्या भरवशावर लिहितो.

तुमची रक्कम अडली आहे ती नवीन माणसं कमी पडतात म्हणून नाही, जुनी गळतात म्हणून. गणित करून पाहा. दर महिन्याला शंभरातले फक्त तीन गळाले, तरी वर्षाअखेर ६९ उरतात आणि दोन वर्षांनी ४८. तुम्ही वरून ओतताय, खालून वाहून जातंय. म्हणून वहीत नवीन नावांच्या आधी एक रकाना करा: मागच्या वर्षी याच महिन्यात देणाऱ्यांपैकी यंदा किती जण देताहेत. जुलैची तुलना जुलैशी करा, नोव्हेंबरची नोव्हेंबरशी. जुलैचा आकडा नोव्हेंबरसमोर ठेवला की कमिटीत उगाच रडारड होते.

गळणारे सगळे नाराज असतात असंही नाही. ऑटोपे लावताना कुणी वर्षभराचीच मुदत टाकलेली असते. ती संपते, पैसे गुपचूप थांबतात, आणि तो माणूस चारचौघांत सांगत फिरतो की मी अभ्यासिकेला दर महिन्याला देतो. कुणी बँक बदलतो. शिक्षकांचा पगार लांबला की पाच तारखेची कपात फसते. तारीख बारा-पंधरा करा. १५,००० रुपयांपर्यंतच्या कपातीला दरवेळी पिन लागत नाही, पण २४ तास आधी संदेश जातो. तो पाहून माणूस दचकतो. म्हणून सांगून ठेवा, आणि ॲपमधून बंद कसं करायचं तेही पहिल्याच दिवशी दाखवा. ज्याला बंद करता येतं तो घाबरत नाही.

माझ्या लहानपणी आमच्या घरी सर्वोदय पात्र होतं. विनोबांची कल्पना. घरातल्या लेकराच्या हातानं रोज मूठभर धान्य त्यात टाकायचं. ते गोळा करायला एक गृहस्थ दारात यायचे, ओसरीवर बसायचे, कुणाच्या घरी काय चाललंय ते विचारायचे. ते येईनासे झाले आणि पात्र माळ्यावर गेलं. ज्वारी तेव्हाही घरात होतीच की! तुमच्या ऑटोपेत हे येणारं माणूस कोण आहे? कपात फसली की त्याच आठवड्यात फोन कोण करतो? पैसे मागायला नाही, "बरं आहे ना सगळं?" एवढंच विचारायला. आम्ही हे काम एका बाईंना दिलं. त्यांना गावातली सगळी सोयरीक पाठ आहे, त्यांच्यापुढं कोणतंही सॉफ्टवेअर फिकं.

आता नोकऱ्यांचं. हा आकडा एकटा कधीच सांगू नका. भरती निघणं सरकारच्या हातात. ती रखडली तर अभ्यासिका भरलेली असूनही तुमचा आकडा शून्य. त्यापेक्षा पेरणीच्या दिवसांत, पोट्टे वावरात असताना, किती खुर्च्या भरतात ते लिहा. मुली किती येतात, संध्याकाळी किती वाजेपर्यंत थांबतात ते लिहा. आणि एक रकाना माझ्या आवडीचा: आधी इथं बसून गेलेल्यांपैकी आज देणाऱ्यांच्या यादीत किती आहेत. भले पन्नासच देत असतील. मी तर या रकान्यावरूनच संस्था जिवंत आहे की नाही ते ठरवतो.

वर्धेचा हिशेबनीस

मास्तरांचं पटलं. कागदाचं तेवढं जोडतो. ८०जीच्या, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीच्या, नावावर मासिक देणगी मागू नका. नवी कररचना घेतलेल्या पगारदाराला ती वजावट मिळतच नाही, आणि बरेच जण त्याच रचनेत आहेत. जुन्या रचनेतल्यांनाही २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर वजावट नाही. कापूस विकून कुणी पाच हजार रोख द्यायला आला तर हे आधी सांगा. संस्थेला ८०जी असेल तर देणगीदारांचं विवरण आयकर खात्याला द्यावं लागतं, म्हणून पॅन नंबर पहिल्याच दिवशी घ्या. वर्ष संपल्यावर शंभर रुपयेवाल्यांचे पॅन गोळा करणं म्हणजे डोक्याला ताप.

अभ्यासिकावाला

गुरुजी, यादी काढली. थांबलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांची मुदतच संपलेली! फोन मावशीच करणार म्हणतात, आम्ही त्यांना विचारायच्या आधीच. शेतकऱ्यांचं मासिक बंद करतोय, कापसानंतर बघू.

एकच राहिलं. तेरवीला देणाऱ्या घरांना मासिकाचं विचारावं का?

निवृत्त मास्तर

मुळीच नाही. वर्षश्राद्धाच्या आधी घरी जा आणि त्यांच्या पैशातून कोणती पुस्तकं घेतली ते सांगा. पुढचं ते ठरवतील. त्या पुस्तकांवर गेलेल्या माणसाचं नाव लिहिलं आहे ना? नसेल तर घरी जायच्या आधी लिहून घ्या. तिथं पहिला प्रश्न तोच येईल.